खिडकीतलं जहाज: हार्टलपूलच्या मरीनामधल्या एका भाड्याच्या फ्लॅटचं प्रकरण

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर नोकरीसाठी नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांना, विशेषतः नर्सेसना, घर शोधायला मी गेली काही वर्षं मदत करते. हे प्रकरण त्यातल्याच एका मराठी नर्सचं. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि घरमालक व एजन्सी यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. तिला इथे फक्त 'सिस्टर' म्हणेन. या व्यवहारात फसवणूक झाली नाही. तरीही सहा महिने एक माणूस नीट झोपू शकला नाही, आणि ते टाळता आलं असतं.

पार्श्वभूमी

सिस्टर जून २०२४ मध्ये आली. सुरुवातीचे आठ आठवडे रुग्णालयाच्याच निवासात एक खोली मिळाली होती. ऑगस्टमध्ये ऑस्की, म्हणजे परदेशी नर्सेसना इथल्या नोंदणीसाठी द्यावी लागणारी प्रात्यक्षिक परीक्षा, पास झाली, नोंदणी झाली आणि बँड ५ चा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतल्या नोंदणीकृत नर्सच्या पहिल्या श्रेणीचा, पगार सुरू झाला. तेव्हा तो सुरुवातीला वर्षाला २८,४०७ पौंड होता. तिचे मिस्टर आणि चार वर्षांची मुलगी ऑक्टोबरमध्ये येणार होते. म्हणजे ऑगस्टअखेर खोली सोडायची आणि त्या दोघांची तिकिटं काढायच्या आत घर पक्कं करायचं, असा हिशोब होता. महिन्यातले सात-आठ दिवस तिला नाइट ड्यूटी असे. ही गोष्ट आम्हा दोघींनाही माहीत होती. घर पाहताना मात्र दोघींच्याही डोक्यात ती नव्हती.

जहाजाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा निर्णय त्याच्याभोवती फिरला. हार्टलपूलच्या जुन्या गोदीत रॉयल नेव्हीच्या राष्ट्रीय संग्रहालयाची शाखा आहे. तिथे 'एचएमएस ट्रिंकोमाली' हे तीन डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज उभं आहे. ते मुंबईत बांधलेलं आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागवानात. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटनमधलं ओकचं लाकूड आटलं होतं, म्हणून काम मुंबईच्या गोदीकडे आलं. जहाजाच्या कण्यात पारशी प्रथेप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरलं. १९८७ मध्ये ते डागडुजीसाठी हार्टलपूलला आणलं. काम २००१ मध्ये संपलं. आज ब्रिटनचं पाण्यावर तरंगणारं सगळ्यांत जुनं लढाऊ जहाज तेच. पोर्ट्समथचं 'व्हिक्टरी' त्याहून जुनं आहे, पण ते कोरड्या गोदीत आहे.

सिस्टरचे सासरे मुंबईच्या गोदीत फिटर होते. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

घर पाहिलं ती दुपार

फ्लॅट मरीनाच्या, म्हणजे खासगी नौका उभ्या करायच्या गोदीच्या, काठावर तिसऱ्या मजल्यावर होता. दोन बेडरूम, सगळं विजेवर चालणारं, भाडं महिन्याला ७५० पौंड. ऑगस्टमधली रविवारची दुपार होती. ऊन होतं आणि वारा अजिबात नव्हता. हॉलच्या खिडकीतून समोर नौका, आणि त्यांच्या पलीकडे ट्रिंकोमालीच्या डोलकाठ्या.

सिस्टरने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मिस्टर बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाबा ज्या गोदीत होते, तिथलं आहे ना ते? घे. हेच घे." सिस्टर माझ्याकडे वळली. "ताई, कसं वाटतंय?"

मी म्हटलं, छान आहे. ते खरंही होतं. मीसुद्धा खिडकीतच उभी होते. आम्ही त्या घरात पंचवीस मिनिटं होतो आणि त्यातली वीस त्या एका खिडकीपाशी गेली. मोठ्या बेडरूमच्या कोपऱ्यात, छताला लागून, वीतभर जागेवर बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा रंग होता. मी तो पाहिला. हातही लावला, ऑगस्टमध्येही भिंत तिथे गार लागली. विचारलं मात्र काही नाही. एजंट म्हणाला, "नुकताच रंग दिलाय," आणि आम्ही पुढे सरकलो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय हा फ्लॅट. दुसरा, गावाच्या आतल्या भागात चाळीसारखं रांगेतलं जुनं घर. दोन बेडरूम, गॅसचं हीटिंग, भाडं ५७५ पौंड. दिसायला साधं, रस्ता अरुंद, मागे विटांचं अंगण. तिसरा, रुग्णालयाच्या गावातच एक खोली आणखी दोन महिने घ्यायची आणि कुटुंब आल्यावर तिघांनी मिळून घर पाहायचं.

आज मी तिसऱ्या पर्यायाला सगळ्यांत जास्त वजन देईन. तेव्हा आम्ही तो पाच मिनिटांत बाजूला टाकला, कारण मुलगी आल्याबरोबर तिला तिची खोली मिळावी असं सिस्टरच्या मनात होतं. आईच्या मनातली ती गोष्ट होती, त्यावर वाद घालायची माझी इच्छा नव्हती. पण मुलगी यायला सात आठवडे होते. तेवढ्यात सप्टेंबरचे वारे सुटले असते आणि आम्हाला त्या घराची खरी परीक्षा घेता आली असती.

दुसऱ्या पर्यायाबद्दल सिस्टर म्हणाली, "इथे बसून रडू येईल मला." परदेशातला पहिला हिवाळा समोर असलेल्या बाईचं हे म्हणणं मी कमी लेखत नाही. घराकडे बघून मन प्रसन्न होणं हासुद्धा एक निकष आहे.

पैशांची बोलणी

एजन्सीने घर राखून ठेवायला २५० पौंड मागितले. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून भाडेकरूंकडून घ्यायच्या पैशांवर कायद्याने मर्यादा आहे. घर राखण्याची रक्कम जास्तीत जास्त एका आठवड्याच्या भाड्याइतकी, आणि वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं. आठवड्याचं भाडं काढताना महिन्याला चाराने भागायचं नाही. ७५० गुणिले १२, भागिले ५२. म्हणजे १७३ पौंड ७ पेन्स. हा हिशोब मेलमध्ये लिहून पाठवला आणि तासाभरात सुधारित बिल आलं. डिपॉझिट ८६५ पौंड ३८ पेन्स ठरलं.

खरी अडचण पुढे आली. मिळकतीच्या कसोटीला ती उतरली होती. एजन्सीच्या नियमाप्रमाणे वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या तीसपट, म्हणजे २२,५०० पौंड हवं होतं, आणि ते होतं. पण इथल्या क्रेडिटच्या नोंदी कोऱ्या. बँक खातं उघडून दोनच महिने झालेले. कोऱ्या नोंदी वाईट नोंदींसारख्याच धरल्या जातात, हे नव्याने आलेल्या प्रत्येकाला कळतं तेव्हा फार लागतं. एजन्सीने दोन मार्ग ठेवले. इथे राहणारा, स्वतःचं उत्पन्न असलेला जामीनदार द्या, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा. आगाऊ भाडं ४,५०० पौंड.

मिस्टर मुंबईतली मुदत ठेव मोडायला तयार झाले. इथे मात्र मी थांबायला सांगितलं, आणि या प्रकरणात मी घेतलेली एवढी एकच भूमिका आजही मला पूर्ण बरोबर वाटते. सहा महिन्यांचे पैसे एकदम दिले की हाताशी काही उरत नाही. विमानाची तिकिटं, थंडीचे कपडे, पहिलं विजेचं बिल हे सगळं त्यानंतरच येतं. आम्ही रुग्णालयाकडून पत्र घेतलं: नोकरी कायमची, पगार इतका, व्हिसाची मुदत अमुक वर्षापर्यंत. त्याला पगाराच्या दोन पावत्या आणि भारतातल्या घरमालकाचं भाडं वेळेवर मिळाल्याचं पत्र जोडलं. तीन महिन्यांच्या आगाऊ भाड्यावर व्यवहार ठरला.

१ मे २०२६ पासून लागू झालेल्या नियमांत नव्या भाडेकरूकडे एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही, आणि ठरावीक मुदतीचे करारही संपले आहेत. त्यामुळे आमच्या घासाघिशीतला हा भाग आता जसाच्या तसा लागू नाही. कोऱ्या नोंदींचा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि वरची कागदपत्रं तेवढीच उपयोगी आहेत.

मुक्काम १ सप्टेंबरला सुरू झाला. घराच्या स्थितीचा तक्ता ३८ पानांचा होता. तो सात दिवसांत तपासून सही करायचा होता. सिस्टरने सलग तीन नाइट्स संपवून सकाळी घरी आल्यावर मोबाइलवर सही केली. त्यात मोठ्या बेडरूमपुढे 'नव्याने रंगवलेली, उत्तम स्थिती' असं होतं.

ऑक्टोबरपर्यंत ती घरात एकटीच प्रौढ व्यक्ती होती, म्हणून कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या घरावरच्या करात, २५ टक्के सवलत मिळाली. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो.

अडचण पहिली: आवाज

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला जोराचा वारा सुटला. सकाळी साडेअकराला सिस्टरचा फोन आला. ती रात्रपाळीहून येऊन झोपायचा प्रयत्न करत होती. "ताई, कुणीतरी सारखं भांड्यावर चमचा मारतंय."

मी संध्याकाळी गेले. तो आवाज मोठ्या जहाजाचा नव्हता. समोरच्या शिडाच्या नौकांच्या डोलकाठ्या अॅल्युमिनियमच्या, आतून पोकळ असतात. शीड वर ओढायची दोरी काठीला समांतर खाली येते. ती सैल राहिली की वाऱ्याने काठीवर आपटत राहते, आणि पोकळ काठी घंटेसारखी वाजते. टण्, टण्, टण्, थोडं थांबून पुन्हा. एका नौकेचा आवाज फारसा नसतो. समोर चाळीसेक नौका होत्या, आणि प्रत्येकीचा ताल वेगळा. एकसारख्या आवाजाची सवय होते. या आवाजाची होत नाही, कारण पुढचा ठोका कधी पडेल ते कळत नाही. कान वाट बघत राहतो.

त्यात सीगल पक्षी. ते उजाडल्यापासून छपरावर ओरडतात. रात्री झोपणाऱ्याला ते पहाटेचे पाहुणे, दिवसा झोपणाऱ्याला दिवसभराचे सोबती. ऑगस्टच्या त्या दुपारी सीगल होते, पण ते आम्हाला चित्रातच शोभून दिसले.

नोव्हेंबरपर्यंत सिस्टर नाइट्सच्या आठवड्यात दिवसाला तीन-चार तासांवर आली. औषधं मोजणारी, इंजेक्शन देणारी बाई आहे ती. एकदा वॉर्डात स्वतःची चूक तिनेच वेळेत पकडली, आणि त्या रात्री मला मेसेज आला: "हे घर मला परवडत नाही." भाड्याबद्दल ती बोलत नव्हती.

अडचण दुसरी: ओल

मिस्टर आणि मुलगी ऑक्टोबरच्या मध्यावर आले. नोव्हेंबरच्या शेवटी मोठ्या बेडरूमचं कपाट पुढे ओढलं तर मागे भिंतीवर काळी बुरशी. वर छताच्या कोपऱ्यात, त्या पांढऱ्या वीतभर जागेतून, बारीक काळे ठिपके बाहेर आले होते. मुलीचा खोकला हटत नव्हता.

ओलीचं कारण शोधताना दोन्ही बाजू प्रामाणिकपणे तपासल्या पाहिजेत. भाडेकरूची बाजू अशी: तिघांचे कपडे हॉलमध्ये स्टँडवर वाळत होते, स्वयंपाकाची वाफ घरातच राहत होती, आणि थंडी आत येईल म्हणून खिडक्या घट्ट बंद. शिवाय हीटिंग कसं चालवायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. घरात रात्रीच्या स्वस्त विजेवर तापून दिवसभर ऊब देणारे साठवणीचे हीटर होते. त्यांना दोन बटणं असतात. एक रात्री किती उष्णता साठवायची त्याचं, दुसरं ती किती सोडायची त्याचं. मिस्टरांनी पहिलं शून्यावर आणि दुसरं पूर्ण उघडं ठेवलं होतं. हीटर थंडगार. मग दिवसाच्या महागड्या दराने छोटा हीटर लावायचा, तोही फक्त हॉलमध्ये. बेडरूमची समुद्राकडची भिंत गारच राहिली आणि घरातली सगळी वाफ तिच्यावर जाऊन बसली.

घरमालकाची बाजू अशी: बाथरूमचा हवा बाहेर टाकणारा पंखा बंद पडलेला. तो नुसता आवाज करायचा. टिश्यूचा कागद जाळीजवळ धरला तर तो ओढलाच जात नव्हता. खिडक्यांच्या वरच्या हवेच्या फटी कुणीतरी सिलिकॉनने बुजवल्या होत्या. आणि कोपऱ्यातली जुनी बुरशी साफ न करता वर रंग मारलेला होता. आर्द्रतामापक आणला, तर बेडरूममध्ये सकाळी ७९ टक्के. साठच्या आत असायला हवी.

काय केलं

मिस्टरांचा पहिला विचार होता भाडं थांबवायचा. तो मी ठामपणे मोडून काढला. इंग्लंडमध्ये दुरुस्ती होत नाही म्हणून भाडं अडवलं, तर भाडेकरूच थकबाकीदार ठरतो आणि घर जाऊ शकतं. क्रेडिटच्या कोऱ्या पाटीवर पहिलीच नोंद थकबाकीची नको होती.

त्याऐवजी सगळं लेखी केलं. फोटो, प्रत्येकात टेप धरून डागाचं माप, आर्द्रतेचे सात दिवसांचे आकडे आणि टिश्यूचा छोटा व्हिडिओ. मेलमध्ये भाडेकरू स्वतः काय बदलत आहेत ते आधी लिहिलं: कपडे बाथरूममध्ये दार लावून वाळवू, हीटर रात्री साठवणीवर ठेवू, सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघडू. मग घरमालकाने काय करायचं ते: पंखा बदलणं, फटी मोकळ्या करणं, बुरशी काढून मगच रंग. घर राहण्यायोग्य असण्याची जबाबदारी घरमालकावर टाकणारा २०१८ चा कायदा मार्च २०१९ पासून लागू आहे, याचा एका ओळीत उल्लेख केला. धमकी दिली नाही. चौदा दिवसांत उत्तर न आल्यास कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे जाऊ, एवढं लिहिलं. नवव्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला.

आवाजाचं काम मिस्टरांनी अंगावर घेतलं. वडिलांकडून आलेली यांत्रिक नजर असेल. त्यांनी दोन दिवस खिडकीत बसून कुठल्या नौकांच्या दोऱ्या वाजतात त्याची यादी केली. नौकेचं नाव, धक्क्याची रांग, आवाजाची वेळ. ती मरीनाच्या कार्यालयात नेऊन दिली. तिथला माणूस यादी बघून म्हणाला की तक्रारी खूप येतात, पण नावं कुणी देत नाही. आठवड्याभरात बहुतेक दोऱ्या ताणाच्या रबरी दोरीने डोलकाठीपासून बाजूला ओढून बांधलेल्या दिसल्या. इतकाच उपाय असतो, दोन मिनिटांचा.

शेवटी खोल्यांची अदलाबदल केली. पार्किंगच्या बाजूची लहान खोली सिस्टरची झाली, जाड पडदे लावून. मोठ्या बेडरूममध्ये कुणी झोपायचं नाही असं ठरलं. ७५० पौंडांच्या घरातली सगळ्यांत चांगली खोली रिकामी राहिली.

शेवट काय झाला

२४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळ आलं, तेव्हा बांधलेल्या दोऱ्याही वाजल्या. पण लहान खोलीत सिस्टरला पाच तास झोप लागली. आर्द्रता साठच्या आसपास आली. मुलीचा खोकला कमी झाला. तो बुरशीमुळेच होता असं डॉक्टरांनी म्हटलं नाही, म्हणून मीही म्हणत नाही.

कराराची मुदत फेब्रुवारीअखेर संपली आणि त्यांनी घर सोडलं. घरमालकाने डिपॉझिटमधून रंगकामाचे २४० पौंड कापायचं ठरवलं, कारण तक्त्यावर 'उत्तम स्थिती' अशी सिस्टरची सही होती. डिपॉझिट सरकारमान्य योजनेत ठेवलेलं होतं, त्यामुळे वाद तिथल्या मोफत निवाड्याकडे गेला. आमच्याकडे सुरुवातीच्या दिवसाचा पुरावा नव्हता, फक्त नोव्हेंबरपासूनचा. तरी पंख्याच्या दुरुस्तीची कबुली घरमालकाच्याच मेलमध्ये होती. पूर्ण रक्कम परत मिळाली, पण सात आठवडे लागले.

आता ते गावाच्या आतल्या एका रांगेतल्या घरात राहतात. आधी पाहिलेलं ते नव्हे, तसलंच दुसरं.

काय वेगळं करता आलं असतं

घर एकदाच पाहिलं, ही मुळातली चूक. सिस्टर दिवसा झोपणार होती, तर तिच्यासाठी घर कामाच्या दिवशी सकाळी दहाला पाहायला हवं होतं, आणि पुन्हा एकदा वारा असलेल्या दिवशी. पाण्याकाठच्या संग्रहालयाजवळ घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते. जिथे जुनी जहाजं जपलेली असतात तिथे शेजारी बहुधा शिडाच्या नौका असतात, सुट्टीत गर्दी असते, आणि मोठे सोहळे होतात. टॉल शिप्सची, म्हणजे मोठ्या शिडांच्या जहाजांची, शर्यत हार्टलपूलला २०१० आणि २०२३ मध्ये आली होती. हौसेने बघणाऱ्याला ते भाग्य, दिवसा झोपणाऱ्याला नव्हे. दोन्ही माणसं एकाच घरात असू शकतात, आणि इथे होतीही.

स्थितीचा तक्ता मी तिच्यासोबत बसून भरायला हवा होता. वेगळ्या पांढऱ्या रंगाचा एक फोटो आणि 'इथे भिंत गार लागते, नवा रंग' एवढी एक ओळ असती, तर सात आठवड्यांचा वाद झालाच नसता.

जहाजाच्या ओढीने निर्णय घेतला हे चुकलं असं मात्र मी म्हणणार नाही. मिस्टरांनी पहिल्याच रविवारी मुलीला ट्रिंकोमालीवर नेलं आणि डेकवर उभं राहून आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. घर दहा मिनिटांच्या अंतरावर असतानाही ते सगळं झालं असतं, आणि आता तसंच होतं.

यंदा आलेल्या आणखी एका नर्सला त्याच धक्क्यावरचा एक फ्लॅट आवडला. तिलाही नाइट्स आहेत. एजंटला सांगून आम्ही रात्री साडेआठला पुन्हा गेलो. बऱ्यापैकी वारा होता. बेडरूमची खिडकी आधी बंद ठेवून, मग उघडून, दोघी न बोलता पाच-पाच मिनिटं उभ्या राहिलो. मग तिने विचारलं, पार्किंगच्या बाजूचा एखादा आहे का. होता, आणि तिने तो घेतला.